कुऱ्हाडीतून वाचलेले झाड

१८४८ साली, उन्हाळ्याच्या तोंडाशी, ओर्स्कच्या किल्ल्यातून निघालेला रशियन लष्कराचा एक तांडा कझाक माळरान तुडवत अराल समुद्राकडे चालला होता. पुढेमागे घोडेस्वार, मध्ये शिधा, तोफा आणि लाकूडसामान लादलेल्या शेकडो गाड्या, उंटांच्या रांगा, आणि या सगळ्यांच्या पायांनी उठलेला धुळीचा लोट. दिवसचे दिवस डोळ्यांपुढे तेच. सपाट करडी जमीन, कुठे कुठे मिठाने पांढरी पडलेली, आणि तिच्यावर टेकलेले आभाळ. सावली नावाला नाही. अशात एके ठिकाणी, वाटेपासून थोडे आत, खोलगट जागी एक झाड दिसले. एकच. जुना, वाढलेला पॉपलर. माणसे त्याच्याभोवती जमली. फांद्यांना रंगीत कापडाचे तुकडे, फिती, रंगवलेल्या घोड्याच्या केसांच्या बटा बांधलेल्या होत्या. एका फांदीला तर रानमांजराचे कातडे घट्ट आवळलेले होते. आसपासच्या कझाक लोकांचे ते नवस. त्या झाडाला ते जांगिस-अगाच म्हणत, म्हणजे एकटे झाड.

त्या तांड्यात चौतीस वर्षांचा एक साधा शिपाई होता, तारास शेवचेन्को. त्याने त्या झाडाचे जलरंगात चित्र केले आणि त्याच वर्षी त्याच झाडावर एक कविता लिहिली. या दोन्ही गोष्टी करायला त्याला बंदी होती. बंदी घालणारा कोणी सुभेदार किंवा तुरुंगाधिकारी नव्हता. खुद्द झार पहिला निकोलस याने शिक्षेच्या कागदावर स्वतःच्या हाताने लिहिले होते, की या माणसावर अत्यंत कडक पाळत ठेवावी आणि त्याला लिहू व चितारू देऊ नये.

एका सम्राटाला एका शिपायाच्या बोटांची एवढी धास्ती का वाटावी, हे समजून घ्यायचे तर बरेच मागे जायला हवे.

शेवचेन्को जन्माने भूदास. १८१४ च्या मार्चमध्ये, कीव्ह प्रांतातल्या मोरिन्त्सी या खेड्यात, एंगेलहार्ट नावाच्या जमीनदाराच्या मालकीच्या कुटुंबात तो जन्मला. ‘मालकीच्या’ हा शब्द इथे शब्दशः घ्यायचा. जमिनीबरोबर माणसेही मालकाची, विकता येणारी, गहाण टाकता येणारी. नऊ वर्षांचा असताना आई गेली, अकराव्या वर्षी वडील गेले. पोरक्या पोराने गावच्या चर्चमधल्या सेवकाकडे पाणी भरले, मेंढ्या राखल्या, आणि चित्रकला शिकवणारा कोणी भेटतो का म्हणून आसपासच्या गावांतले चर्च रंगवणारे शोधत हिंडला. शेवटी धाकट्या मालकाच्या हवेलीत हुजऱ्या म्हणून रुजू झाला. मालकाबरोबर विल्ना, तिथून सेंट पीटर्सबर्ग. पोराचा हात चित्रात चालतो हे पाहून मालकाने त्याला शिर्यायेव नावाच्या रंगकामाच्या कंत्राटदाराकडे चार वर्षांच्या कराराने ठेवले. घरचा चितारी पदरी असणे हे तेव्हा जमीनदारांना भूषण वाटे.

पीटर्सबर्गच्या उन्हाळ्यात रात्र पुरती काळोखी होत नाही. त्या पांढुरक्या उजेडात हा पोरगा ‘समर गार्डन’मध्ये जाऊन संगमरवरी पुतळ्यांची रेखाटने करायचा. तिथेच इवान सोशेन्को या युक्रेनी चित्रकाराने त्याला हेरले, आणि त्याच्यामार्फत तो कार्ल ब्र्युलोव या नामांकित चित्रकारापर्यंत पोहोचला. एंगेलहार्ट फुकट सोडायला तयार नव्हता. त्याने अडीच हजार रूबल किंमत सांगितली. मग ब्र्युलोवने कवी झुकोव्स्कीचे व्यक्तिचित्र रंगवले. झुकोव्स्की हा युवराजाचा शिक्षक. त्या चित्राची राजवाड्यात सोडत काढली गेली, तिकिटे खुद्द राजघराण्यातही खपली, आणि जमलेल्या पैशांतून एप्रिल १८३८ मध्ये तारास शेवचेन्को विकत घेऊन मोकळा करण्यात आला. त्याची भावंडे मात्र गावी भूदासच राहिली.

तो कला अकादमीत ब्र्युलोवचा विद्यार्थी झाला. दोन वर्षांतच, १८४० मध्ये, त्याचा ‘कोबझार’ हा आठ कवितांचा लहानसा संग्रह निघाला. कोबझार म्हणजे कोबझा हे तंतुवाद्य वाजवत गावोगाव फिरून जुनी गाणी गाणारा गायक, बहुधा आंधळा. युक्रेनी ही तेव्हा खेडवळांची बोली समजली जाई. विनोदी नकला आणि लोकगीते एवढाच तिचा उपयोग, असे शिकलेल्यांचे मत. या पुस्तकाने त्या बोलीत कधी न ऐकलेला आवाज आणला. पीटर्सबर्गच्या काही समीक्षकांनी नाके मुरडली, पण युक्रेनमध्ये कविता हातोहात नकलून घेतल्या जाऊ लागल्या.

सुटकेनंतर पाच वर्षांनी, १८४३ मध्ये, गावी गेला तेव्हा त्याला आपली सख्खी भावंडे मालकाच्या शेतात राबताना दिसली. अंगावर पीटर्सबर्गचा कोट आणि समोर वेठीला जुंपलेली भावंडे, या गाठीनंतर त्याच्या कवितेचा सूर पालटला, हे मला तरी साहजिक वाटते. १८४४ मध्ये त्याने ‘स्वप्न’ ही दीर्घ कविता लिहिली. तीत झार आणि झारिणीची थट्टा आहे, आणि ती बोचरी आहे. झारिणी हडकुळी, सतत मान हलवणारी, सुकलेल्या अळंबीसारखी. राणीला खरोखरच मान हलण्याचा विकार होता, १८२५ च्या बंडाच्या धक्क्याने जडलेला. ज्या घराण्याने तिकिटे घेऊन त्याला सोडवले, त्याच घराण्याविषयी त्याने असे लिहावे, हे राजवाड्याच्या दृष्टीने निव्वळ कृतघ्नपण होते. शेवचेन्कोच्या बाजूने पाहिले तर एका माणसाची सुटका झाली म्हणून लाखोंच्या गुलामगिरीविषयी गप्प बसायचा करार त्याने केलेला नव्हता.

एप्रिल १८४७ मध्ये तो नीपर नदी ओलांडून कीव्हला येत असताना नावेवरच पकडला गेला. अंगात समारंभाचा कोट होता. मित्र कोस्तोमारोवच्या लग्नाला तो निघाला होता. कोस्तोमारोवला आधीच अटक झाली होती. सिरिल आणि मेथोडियस या संतांच्या नावाने चाललेल्या एका गुप्त मंडळाचा सुगावा पोलिसांना लागला होता. भूदासप्रथा नष्ट व्हावी आणि स्लाव लोकांचे बरोबरीच्या नात्याने संघराज्य व्हावे, असे स्वप्न पाहणारे ते मूठभर शिकलेले तरुण. शेवचेन्को त्या मंडळाचा सभासद असल्याचे सिद्ध झाले नाही. तपास करणाऱ्यांनी तसे मान्यही केले. तरी सर्वांत जबर शिक्षा त्यालाच झाली. कोस्तोमारोव वर्षभर किल्ल्यात आणि मग सारातोवला. शेवचेन्को मात्र ओरेनबुर्गच्या लष्करात साधा शिपाई, बेमुदत. कारण त्याच्या सामानात सापडलेल्या कवितांची हस्तलिखिते.

ओर्स्क हा माळावरचा उजाड किल्ला. सकाळ-संध्याकाळ कवायत, बराकीतला गोंगाट, तंबाखूचा आणि घामाचा वास. मैत्रीण राजकन्या वार्वारा रेप्निना हिला त्याने लिहिले, की आधी भोगलेले सगळे याच्यापुढे पोरांचे रडणे ठरावे. मारहाणीची त्याला लहानपणापासून सवय होती. डोळ्यांनी चित्र दिसत असताना हाताला मनाई असणे त्याला सोसत नव्हते. लिहिणे त्याने थांबवले नाही. कागदाचे तुकडे शिवून तळहाताएवढ्या वह्या केल्या आणि त्या बुटाच्या नळीत दडवून ठेवल्या. १८४७ ते १८५० या चार वर्षांच्या चार वह्या पुढे एकत्र बांधल्या गेल्या. ‘छोटी वही’ म्हणून ती युक्रेनी साहित्यात ओळखली जाते. युक्रेनमधला त्याचा मित्र, हौशी चित्रकार आंद्री लिझोहुब, याच्याकडे त्याने जलरंगांची पेटी मागितली होती. ती आली. पण उघडायची कशी, हा प्रश्न होताच.

तो प्रश्न साम्राज्याच्या गरजेनेच सोडवला.

रशियाला त्या काळी मध्य आशियात दक्षिणेकडे सरकायचे होते. १८३९-४० च्या हिवाळ्यात खिवावर धाडलेली मोहीम बर्फात पार मोडली होती. इकडे हिंदुस्थानातले इंग्रज राज्यकर्ते रशियाच्या प्रत्येक पावलाकडे संशयाने पाहत होते. १८४७ मध्ये सिर दर्या नदीच्या मुखाजवळ राइम येथे रशियनांनी किल्ला बांधला, आणि आता नदी ज्याला मिळते तो अराल समुद्र मोजून नकाशावर आणायचा होता. हे काम लेफ्टनंट अलेक्सेई बुताकोव या दर्यावर्दी अधिकाऱ्याकडे आले. ओरेनबुर्गला ‘कॉन्स्तांतिन’ नावाची शिडाची नौका बांधायची, पुन्हा सुटी करायची, तिचे भाग गाड्यांवर लादून सहाशे किलोमीटरहून लांबचा माळ ओलांडून न्यायचे आणि राइमला नदीकाठी जोडायचे, असा बेत होता.

किनाऱ्याच्या सर्वेक्षणाला चित्रकार लागतोच. कॅमेरा अजून असल्या मोहिमांपर्यंत पोहोचलेला नव्हता. समुद्रातून कडा कसा दिसतो, टेकडीचा उतार कुठून सुरू होतो, नांगर टाकायला आडोसा कुठे आहे, हे नकाशाच्या रेघांवरून कळत नाही. नंतर येणाऱ्या खलाशाला किनारा ओळखता यावा म्हणून त्याची रंगीत दृश्ये काढून नकाशाला जोडत. त्यासाठी जलरंगासारखे दुसरे माध्यम नाही. पेटी खिशात मावते, कागद गुंडाळता येतो, रंग वाळायला तेलासारखे दिवस लागत नाहीत. अकादमीत शिकलेला चित्रकार ओर्स्कच्या बराकीत बंदूक पुसत बसला आहे, हे बुताकोवला कळले आणि त्याने तो मागून घेतला. ओरेनबुर्गच्या वरिष्ठांनी हरकत घेतली नाही. झारचा हुकूम कागदावर तसाच राहिला.

मे महिन्यात तांडा ओर्स्कहून निघाला. सर्वेक्षणाचा एक तरुण अधिकारी माक्शेयेव याने शेवचेन्कोला आपल्या तंबूत जागा दिली. त्याने पुढे लिहून ठेवले, की शेवचेन्कोने ती सारी मजल पायीच मारली, जुनापाना साधा कोट घालून, आपल्या तुकडीपासून वेगळा; आणि मोकळ्या माळावर तो खुशीत होता. जवळजवळ वर्षभर बराकीत कोंडलेल्या माणसाला क्षितिज मिळाले होते.

निघाल्यावर सुरुवातीच्या मुक्कामांतच ओर नदीकाठी रात्री माळ पेटलेला दिसला. माळावरचे जुने वाळके गवत वणव्याने जळत होते. दिवसा जी जमीन ओसाड, निर्जीव वाटली होती तिच्यावर आता आगीचे लोळ ओहोळांसारखे वाहत होते. ‘माळावरचा वणवा’ हे त्याचे जलचित्र या रात्रीचे आहे. वरचे आभाळ धुराने जड झालेले, त्याच्या पोटाला तांबूस झळाळी, आणि खाली अंधारात बुडालेला तळ. जलरंगात अंधार रंगवणे अवघड. तेलात काळ्यावर उजळ रंग चढवता येतो; जलरंगात उजेड म्हणजे खालचा कागद, तो आधीच राखून ठेवावा लागतो. एकदा झाकला की गेला. ज्वाळा कुठे येणार हे ठरवूनच पहिला हात मारायचा. तंबूतल्या मिणमिणत्या उजेडात किंवा दुसऱ्या दिवशी आठवणीतून, जसे केले असेल तसे, पण हा हात वर्षभर मनाई असलेल्या माणसाचा आहे हे त्या चित्राकडे पाहून पटत नाही.

त्यानंतर एकटे झाड आले.

या झाडाविषयी त्याने तीनदा काम केले, म्हणजे ते मनातून गेले नाही. पहिल्यांदा चित्र. उन्हाळी माळावर जलरंगाचे काम म्हणजे वाऱ्याशी शर्यत. ब्रश पाण्यातून कागदावर येईतो कडा वाळू लागतात आणि आभाळाच्या सपाट रंगात नको त्या रेघा उठतात. म्हणून भराभर, थोडक्या रंगांत काम उरकावे लागते. माती, गवत, आभाळ सगळे एकाच फिक्या कुळातले आणि मध्ये तो हिरवा. झाडाला त्याने देखणे करण्यासाठी इकडचे तिकडे केल्याचे वाटत नाही. ब्र्युलोवच्या शाळेत शिकवलेली नाट्यमय मांडणी, कोसळते खांब आणि विजांचे उजेड, त्याच्या या काळातल्या कामात फारशी दिसत नाही. उघड्या भूमीवर एक जिवंत गोष्ट उभी आहे, एवढेच तो दाखवतो.

तिसऱ्यांदा, सात वर्षांनी, ‘जुळे’ या रशियन कादंबरिकेत ते झाड पुन्हा आले. तिथला निवेदक झाडापासून सगळ्यांच्या शेवटी निघतो, पुन्हा पुन्हा वळून पाहतो, घोडा थांबवतो. वाऱ्याने झाड मान डोलावते आणि तो जिवंत माणसाला म्हणावे तसे त्याला ‘येतो’ म्हणून धुळीत दिसेनाशा झालेल्या तांड्यामागे जातो. त्या निवेदकाचे आडनाव सोकिरा. युक्रेनीत सोकिरा म्हणजे कुऱ्हाड. हा योगायोग असावा असे मला वाटत नाही, कारण मधली दुसरी कृती, ती कविता, कुऱ्हाडीचीच आहे.

ती लिहिली गेली अरालमधल्या कोस-अराल बेटावर. जूनमध्ये तांडा राइमला पोहोचला, ‘कॉन्स्तांतिन’ जोडली गेली, आणि जुलैअखेर नौका समुद्रात शिरली. दोन महिने वादळांत आणि खारट पाण्यात गेले. बुताकोवने नोंदले आहे, की सोबत दिलेल्या सुक्या पावांवर हिरवी बुरशी चढली होती, खारवलेले मांस सडले होते, लोणी तोंडात घालवत नव्हते. खाण्याजोगे राहिले ते वाटाणे. शेवचेन्को खलाशांबरोबर तेच खात होता आणि डेकवरून किनाऱ्याचे कडे, वाळूचे दांडे, उतार उतरवून घेत होता. सोबत तोमाश वेर्नर हा दुसरा हद्दपार, पोलिश, दगडांचे नमुने गोळा करत होता. सजा झालेल्या दोघांच्या बळावर साम्राज्याचा नकाशा तयार होत होता.

सप्टेंबरअखेर सगळे सिर दर्याच्या मुखाजवळच्या कोस-अराल बेटावर हिवाळ्यासाठी उतरले. वेतांची खोपटी, मातीच्या भिंती, गोठलेला समुद्र. टपाल महिनोन्महिने येत नसे. जलरंगात तिथली चांदणी रात्र आहे, किल्ल्याजवळ थांबलेल्या नौका आहेत, कझाकांचे तंबू आणि चेहरे आहेत. आणि याच हिवाळ्यात छोटी वही भराभर भरली. साम्राज्याच्या खर्चाने पोसलेल्या त्या थंड बेटावर त्याच्या आयुष्यातला कवितेचा एक मोठा बहर आला.

एकट्या झाडाची कविता कझाक दंतकथेवर उभी आहे. देव संत पीटरबरोबर जगात फिरायला गेलेला असतो, त्याच्या दाराआड कुऱ्हाड ठेवलेली असते. सरपणाला निघालेला एक कझाक ती चोरतो. रानात पोहोचून घाव घालायला जातो तो कुऱ्हाड हातातून निसटते आणि आपण होऊन झाडे तोडत सुटते. रान आडवे होते, वणवा लागतो, गावे आणि शहरे जळतात, उरल नदीपासून अरालपर्यंत तळ्यांचे पाणी उकळते. सात वर्षे हे चालते. आठव्या वर्षी सूर्य उगवतो तेव्हा सगळीकडे वाळवंट आहे आणि वाटेकाठी दरीत एकच झाड उरले आहे, देवाने टाकलेले, आगीने न जळालेले. लोक त्याच्याकडे येतात, नवल करतात, नैवेद्य दाखवतात आणि विनवतात, की आमच्या या गरीब देशात तुझे फुटवे येऊ देत.

त्या झाडात शेवचेन्कोने स्वतःला पाहिले, असे म्हणणे सोपे आहे आणि अनेकांनी म्हटलेही आहे. मला तेवढे पुरे वाटत नाही. रशियन लष्कराच्या गणवेशातली माणसे तेव्हा या कझाक भूमीकडे रिकामी जागा म्हणून पाहत होती, किल्ले रोवायची आणि रस्ते आखायची जागा. तांड्याबरोबर आलेला हा एक शिपाई तिथल्या लोकांची गोष्ट ऐकतो, ती खरी मानून लिहितो, आणि त्यांच्या चिंध्या-नवसांविषयी कादंबरिकेत आदराने बोलतो. त्याच्या शब्दांतून त्या काळच्या युरोपीय माणसाची भाषा, ‘रानटी’ वगैरे, सुटत नाही हे खरे. पण मोठ्यांच्या दाराआडची कुऱ्हाड सुटली की कोणाचे रान जाते, हे त्या तांड्यातल्या माणसांपैकी भूदासाच्या पोराला जास्त कळत होते.

१८४९ च्या मे ते सप्टेंबर समुद्रावरची दुसरी फेरी झाली आणि नोव्हेंबरमध्ये सगळे ओरेनबुर्गला परतले. अरालचा पहिला भरवशाचा नकाशा तयार झाला. त्या कामाची कीर्ती युरोपात पोहोचली. हुम्बोल्टच्या शिफारशीने बुताकोवला बर्लिनच्या भूगोल मंडळाचे सन्मान्य सभासदत्व मिळाले, आणि १८६७ मध्ये लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने सुवर्णपदक दिले. ओरेनबुर्गला शेवचेन्को सहा महिने जवळजवळ मोकळा होता. खासगी घरात राहत होता, साधे कपडे घालत होता, दृश्ये पुरी करत होता. वरिष्ठांनी त्याच्यासाठी चित्रकलेची रीतसर परवानगी मागितली. पीटर्सबर्गने ती नाकारली.

मग एप्रिल १८५० मध्ये एका तरुण अधिकाऱ्याने खासगी वैरातून कागाळी केली, की हा शिपाई बंदी मोडून लिहितो आणि चित्रे काढतो. झडती येणार हे मित्रांना आधी कळले. पत्रे जाळली गेली. चित्रे आणि छोटी वही ओरेनबुर्गमधला त्याचा अधिकारी-मित्र कार्ल गेर्न याच्याकडे राहिली, म्हणून वाचली. शेवचेन्कोला पुन्हा अटक झाली, आणि त्याला सूट दिल्याबद्दल बुताकोवकडेही विचारणा झाली. या खेपेला त्याला कास्पियनच्या पूर्व काठावर, मांगिश्लाकच्या खडकाळ टोकावरच्या नोवोपेत्रोव्स्क किल्ल्यात पाठवले. तिथे सात वर्षे गेली.

या सात वर्षांत कवितेचा झरा आटल्यासारखा झाला. चित्रे मात्र चालूच राहिली. १८५१ मध्ये दगडी कोळसा शोधणारी एक तुकडी कारा-ताऊ डोंगरात गेली, तिच्यात तो पोलिश हद्दपार मित्र ब्रोनिस्लाव झालेस्कीबरोबर होता आणि कड्याकपारींची चित्रे काढत होता. नंतर ही चित्रे गुपचूप झालेस्कीकडे जात आणि विकली जात. पत्रात चित्र हा शब्द लिहायची सोय नव्हती. दोघे त्यांना ‘कापडाचा तुकडा’ म्हणत. मूर्तिकाम झारच्या हुकुमात नव्हते, म्हणून त्याने मातीत आणि प्लास्टरमध्ये शिल्पेही घडवली. कादंबरिका रशियनमध्ये ‘कोबझार दार्मोह्राय’ या टोपणनावाने लिहिल्या.

निकोलस १८५५ मध्ये वारला. नवा झार दुसरा अलेक्झांडर याने अनेक राजकीय कैद्यांना माफी दिली, पण या नावावर काट मारली. आपल्या आईची विटंबना तो विसरायला तयार नव्हता. कला अकादमीचे उपाध्यक्ष काउंट तोल्स्तोय आणि त्यांची पत्नी यांनी दोन वर्षे चिकाटीने अर्ज-विनंत्या केल्या, तेव्हा १८५७ च्या ऑगस्टमध्ये शेवचेन्को मासेमारीच्या होडीतून तो किल्ला सोडून आस्त्राखानकडे निघाला. सुटकेची वाट पाहत असताना जूनमध्ये त्याने रोजनिशी सुरू केली होती. तीत तो लिहितो, की मूर्तिपूजक ऑगस्टसने कवी ओव्हिडला रानटी मुलखात हाकलले खरे, पण त्याला लिहू नकोस आणि चितारू नकोस असे सांगितले नव्हते. ख्रिस्ती निकोलसने दोन्हीची मनाई केली.

पीटर्सबर्गला पोहोचायला त्याला मार्च १८५८ उजाडला. दहा वर्षांत केस गेले होते, शरीर खंगले होते. तो कोरीवकामाकडे वळला आणि १८६० मध्ये अकादमीने त्याला त्या कलेतला विद्वान म्हणून मान दिला. भावंडांची सुटका व्हावी म्हणून त्याची खटपट चालू होती. १० मार्च १८६१ ला, सत्तेचाळीस पुरी झाल्याच्या दुसऱ्या दिवशी, तो वारला. भूदासांच्या मुक्तीचा जाहीरनामा आठवड्याभराने लोकांपुढे वाचला गेला. मे महिन्यात त्याची शवपेटी पीटर्सबर्गहून युक्रेनला नेऊन कानिव्हजवळ नीपरच्या काठावरच्या टेकडीत पुरण्यात आली. दोनच वर्षांनी, १८६३ मध्ये, युक्रेनीत बहुतेक पुस्तके छापायला मनाई करणारे परिपत्रक निघाले आणि १८७६ मध्ये ती बंदी आणखी आवळली गेली. ‘कोबझार’ तरीही घरोघर राहिला. अनेक घरांत बायबलशेजारी.

अरालची चित्रे आज प्रामुख्याने कीव्हच्या शेवचेन्को संग्रहालयात आहेत. ती काढली तेव्हा त्यांचे काम खलाशाला किनारा ओळखू येणे हे होते. १९६० पर्यंत अराल हे जगातले चौथ्या क्रमांकाचे सरोवर होते. मग कापसाच्या शेतांसाठी सिर दर्या आणि अमू दर्याचे पाणी कालव्यांनी वळवले गेले आणि समुद्र आटत गेला. बुताकोवने शोधून झार निकोलसचे नाव दिलेल्या बेटावर सोव्हिएत काळात जैविक अस्त्रांच्या चाचण्या झाल्या, आणि पाणी हटल्यावर ते बेट एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला जमिनीला जोडले गेले. शेवचेन्कोने डेकवरून रंगवलेले कित्येक किनारे आता पाण्यापासून दूर, खारट धुळीत आहेत. नौकेतून दिसणाऱ्या त्या कड्यांची निळी-करडी रेघ आता त्याच्या कागदांवरच पाहायची.

नोवोपेत्रोव्स्कला आज त्याच्याच नावाने फोर्ट शेवचेन्को म्हणतात. १८५० मध्ये तिकडे नेले जात असताना वाटेत गुर्येव गावच्या रस्त्यावर त्याला विलोची एक ओली काठी पडलेली दिसली होती. ती त्याने उचलली, किल्ल्यात आणली आणि तिथल्या बागेत जमिनीत खोचली. पाणी आणून घालायचे, उन्हाने तापलेल्या दगडांत मुळे धरतात का पाहायचे, हा त्याचा रोजचा उद्योग झाला. काठीला फुटवे आले. सुटकेच्या उन्हाळ्यात रोजनिशी लिहीत तो बसायचा तेव्हा तिचे झाड झालेले होते आणि त्याची सावली त्याच्या वहीवर पडत होती.